शस्त्रक्रिया चालू असताना होणारे जलद ऊती-परीक्षण

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी गालाच्या आतील बाजूवरून स्वच्छ काडीने अलगद खरवडून घेतात, ते काचपट्टीवर पसरतात आणि त्यावर मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एक थेंब सोडतात. क्षणापूर्वी जेथे केवळ फिकट पडदा दिसत होता, तेथे सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या पेशी आणि प्रत्येक पेशीतील गडद केंद्रक स्पष्ट होते. हिवतापाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी बोटातून रक्ताचा थेंब घेतो. त्या काचपट्टीवरही याच कुळातील निळे रंजकद्रव्य वापरले जाते. हेच तत्त्व आणखी एका ठिकाणी उपयोगात येते, परंतु ते सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीआड राहते. ते ठिकाण म्हणजे मोठ्या इस्पितळातील विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा. रुग्ण भुलीखाली असतानाच त्याच्या शरीरातून काढलेल्या गाठीचा तुकडा तेथे रंगवून तपासण्यात येतो, आणि त्या उत्तरावर पुढील शस्त्रक्रिया किती करावयाची हे ठरते.

या तपासणीचे स्वरूप, तिची उपयुक्तता व तिच्या मर्यादा यांची माहिती रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना असणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी मिळणारे उत्तर हे त्या वेळचा निर्णय घेण्यापुरते असते. अखेरचा अहवाल काही दिवसांनी येतो. हा फरक लक्षात न घेता “डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितले” अशा समजुतीने रुग्ण पुन्हा इस्पितळात गेलाच नाही, तर वेळेवर उपचार मिळण्याची संधी हातची जाऊ शकते.

ऊती रंगविण्याचे कारण

शरीरातील बहुतेक ऊती पातळ कापल्या असता जवळजवळ रंगहीन व पारदर्शक दिसतात. पेशीचे केंद्रक कोठे संपते आणि पेशीद्रव कोठे सुरू होते, हे रंगाशिवाय ओळखणे कठीण असते. पेशीतील निरनिराळे घटक निरनिराळे रंग धरून ठेवतात, या गुणाचा येथे उपयोग करून घेतला जातो. केंद्रकातील आम्लधर्मी द्रव्ये अल्कधर्मी रंग घेतात, तर पेशीद्रवातील प्रथिने इओसिनसारखा आम्लधर्मी रंग घेऊन गुलाबी होतात.

सर्वांत अधिक वापरली जाणारी जोडी हिमॅटॉक्सिलिन व इओसिन यांची आहे. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेत वाढणाऱ्या एका वृक्षाच्या गाभ्यापासून मिळते. ज्याप्रमाणे आपल्याकडे खैराच्या गाभ्यापासून कात काढतात, त्याचप्रमाणे त्या लाकडाचा अर्क काढला जातो. हा अर्क एकटा ऊतीवर टिकत नाही. कापड रंगविणारे कारागीर रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरीत असत. प्रयोगशाळेतही हिमॅटॉक्सिलिनबरोबर तुरटी वापरतात. काही प्रकारांत तुरटीच्या जागी लोहाचे क्षार घेतात. अशा रीतीने केंद्रक निळे-जांभळे व भोवतालचा भाग गुलाबी होतो. केंद्रकांचा आकार सारखा आहे की लहानमोठा, पेशी शिस्तीने मांडलेल्या आहेत की अस्ताव्यस्त पसरल्या आहेत, शेजारच्या ऊतीत त्यांनी शिरकाव केला आहे काय, यांवरून गाठ सौम्य आहे की दुर्दम हे विकृतिशास्त्रज्ञ ठरवितात. दुर्दम गाठ म्हणजेच कर्करोग होय.

नेहमीच्या पद्धतीत ऊतीचा तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवून टिकाऊ करतात, त्यातील पाणी काढून टाकतात, तो मेणात बसवितात आणि मग त्याचे पातळ छेद घेऊन रंगवितात. हे काम उत्तम होते, परंतु त्यास किमान एक दिवस आणि पुष्कळदा अनेक दिवस लागतात. मेजावरील रुग्णाला इतका वेळ भुलीखाली ठेवणे शक्य नाही. सबब जलद पद्धतीची गरज निर्माण झाली.

जलद पद्धतीचा उगम

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात १८९१ मध्ये विल्यम वेल्च यांनी स्तनाच्या गाठीचा तुकडा गोठवून शस्त्रक्रिया चालू असतानाच तपासण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांचे उत्तर तयार होईपर्यंत शल्यविशारद विल्यम हाल्स्टेड यांची शस्त्रक्रिया संपलेली होती, असे नमूद आहे. पुढे १९०५ मध्ये मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिकचे लुई विल्सन यांनी या कामास व्यवहार्य रूप दिले. रुग्ण मेजावर असतानाच गाठ कर्करोगाची आहे की नाही हे सांगता यावे, अशी शल्यविशारद विल्यम मेयो यांची त्यांच्याकडे मागणी होती. विल्सन यांनी तुकडा कडाक्याच्या थंडीत खिडकीबाहेर ठेवून गोठविला, त्याचे पातळ छेद घेतले आणि ते मेथिलीन ब्लूने रंगविले. त्याच वर्षी त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. शाळेच्या प्रयोगशाळेतील निळ्या रंगाची बाटली आणि शस्त्रक्रियागृहातील निदान यांचे नाते असे जुने आहे.

रंजनाचा वेळ कमी करण्याचे महत्त्वाचे काम भारतातही झाले. दिल्लीच्या मलेरिया इन्स्टिट्यूटमधील जसवंत सिंग व भट्टाचारजी यांनी १९४४ मध्ये हिवतापाच्या काचपट्ट्यांसाठी पाण्यात विरघळणारे, अल्प वेळात काम करणारे रंजकद्रव्य तयार केले. मेथिलीन ब्लू व इओसिन यांवर आधारलेले हे रंजन त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून जे.एस.बी. म्हणून ओळखले जाते. देशातील हिवतापविरोधी कार्यात लक्षावधी काचपट्ट्या या पद्धतीने रंगविण्यात आल्या. ती रक्तासाठी असून गाठीसाठी नाही. तथापि थोड्या साधनांत आणि थोड्या वेळात विश्वसनीय काचपट्टी तयार करणे हा दोन्ही कामांतील समान उद्देश आहे.

कर्करोगाच्या ऊती-परीक्षणास पश्चिम भारतात भक्कम पाया मिळाला तो मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. मुंबईतील मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांचा त्यांनी घेतलेला आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. गोमंतकातील अनेक रुग्ण उपचारासाठी मुंबईस जात आले आहेत. गोव्यात १८४२ साली पणजी येथे स्थापन झालेली वैद्यक-शस्त्रक्रिया शाळा १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाली. आज हे महाविद्यालय व त्याचे इस्पितळ बांबोळी येथे असून तेथे विकृतिशास्त्राचा विभाग आहे.

गोठित छेदाची कृती

शहाळ्यातील कोवळी मलई विळीवर कागदासारखी पातळ कापता येत नाही. ती दबते व फाटते. तीच गोठविली तर सुरीला आधार मिळतो. ताज्या ऊतीचेही तसेच आहे. मेणाऐवजी येथे बर्फाचा आधार घेतला जातो. इस्पितळात या पद्धतीस फ्रोझन सेक्शन म्हणतात; मराठीत तिला गोठित छेद म्हणता येईल. तिच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. शल्यविशारद गाठीचा तुकडा काढून तो ताजा असतानाच प्रयोगशाळेकडे पाठवितात. या तपासणीसाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकावयाचा नसतो. सोबतच्या चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, तुकडा कोठून घेतला आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे हे लिहिलेले असते.

२. विकृतिशास्त्रज्ञ तुकडा प्रथम डोळ्यांनी पाहतात, बोटांनी चाचपतात आणि तपासणीस योग्य असा लहान भाग निवडतात. निवड चुकली तर पुढील सर्व कृती निर्दोष असूनही उत्तर चुकू शकते.

३. निवडलेला भाग धातूच्या लहान चकतीवर विशिष्ट जेलमध्ये बसवून गोठवितात. हे काम क्रायोस्टॅट या शीतयंत्रात होते. त्यातील तापमान साधारणपणे शून्याखाली २० अंश सेल्सिअसच्या सुमारास ठेवतात. ऊती सावकाश गोठली तर तिच्यात बर्फाचे स्फटिक होऊन पेशींची रचना बिघडते; म्हणून गोठविण्याची क्रिया त्वरित व्हावी लागते.

४. त्याच यंत्रातील धारदार पात्याने ५ ते ८ मायक्रॉन जाडीचे छेद घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

५. गोठलेला छेद काचपट्टीच्या उबदार पृष्ठभागास स्पर्श होताच वितळून चिकटतो. तो सुकू न देता लगेच अल्कोहोलमध्ये बुडवितात. येथे काही क्षणांचा उशीर झाला तरी केंद्रके अस्पष्ट होतात.

६. तद्नंतर हिमॅटॉक्सिलिनमध्ये सुमारे एक मिनिट, पाण्याने धुणे, सौम्य अल्कधर्मी द्रावणात निळा रंग खुलविणे, इओसिनमध्ये काही सेकंद, अल्कोहोलने पाणी काढणे आणि झायलीनने पारदर्शक करणे, अशा क्रमाने रंजन पूर्ण होते. काही प्रयोगशाळा टोल्युइडिन ब्लू हे एकच निळे रंजकद्रव्य वापरतात. त्यास एका मिनिटाहूनही कमी वेळ पुरतो.

७. काचपट्टी पाहून विकृतिशास्त्रज्ञ आपले मत शस्त्रक्रियागृहात कळवितात. कळविताना रुग्णाच्या नावाची खात्री करून घेतात आणि मताची लेखी नोंद ठेवतात.

एका तुकड्यासाठी ही सर्व क्रिया साधारणपणे २० मिनिटांत पूर्ण व्हावी, अशी अपेक्षा असते. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना शस्त्रक्रिया लांबली म्हणून काळजी वाटते. पुष्कळदा त्या वेळी आत शल्यविशारद काचपट्टीच्या उत्तराची वाट पाहत असतात.

ठशाची पद्धत

ऊती गोठविल्याशिवायही जलद तपासणी करता येते. गाठ कापल्यानंतर तिच्या ओल्या पृष्ठभागावर काचपट्टी हलकेच टेकविली असता काही पेशी काचेला चिकटतात. हा ठसा अल्कोहोलमध्ये ठेवून किंवा हवेवर वाळवून लगेच रंगवितात. लंडनमधील लेनर्ड डजन यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९२७ मध्ये अशा पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूतील मऊ गाठींचा अगदी लहान कण दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून पसरविण्याची पद्धतही याच वर्गातील आहे.

ठशासाठी महागडे शीतयंत्र लागत नाही, बर्फाच्या स्फटिकांचा दोष येत नाही आणि ऊती खर्ची पडत नाही. एकेका पेशीचे बारकावेही चांगले दिसतात. तथापि पेशींची परस्परांशी असलेली मांडणी ठशात दिसत नाही. त्यामुळे रोग शेजारच्या ऊतीत किती शिरला आहे हे त्यावरून सांगता येत नाही. म्हणून अनेक ठिकाणी ठसा व गोठित छेद या दोहोंचा एकत्र उपयोग करतात. साधने साधी असली तरी ठसा वाचण्यास प्रशिक्षित दृष्टी लागते. काचपट्टी रंगविणे काही दिवसांत शिकता येते. तिचा अर्थ लावण्यास अनेक वर्षांचा अभ्यास लागतो.

उपयोग व मर्यादा

जलद परीक्षणाचा खरा उपयोग उत्तरामुळे शस्त्रक्रियेचा मार्ग बदलणार असेल तेव्हाच होतो. तोंडाच्या कर्करोगात गाठ काढल्यावर कडेच्या ऊतीत रोग उरला आहे काय, हे पाहिले जाते. उरला असल्यास त्याच वेळी आणखी भाग काढता येतो. स्तनाच्या कर्करोगात काखेतील पहिल्या लसीका ग्रंथीत रोग पोहोचला आहे किंवा कसे, हे पाहिले जाते. ग्रंथी निरोगी असल्यास काखेतील मोठी शस्त्रक्रिया टळते आणि पुढे हात सुजण्याचा धोका कमी होतो. अंडाशयाची गाठ सौम्य ठरल्यास तरुण स्त्रीचे गर्भाशय व दुसरे अंडाशय राखता येते. काही अर्भकांच्या आतड्याच्या एका भागात चेतापेशी नसल्याने शौचास अडथळा होतो. तेथे निरोगी आतडे कोठून सुरू होते हेही याच परीक्षणाने समजते.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. चरबीयुक्त ऊती नीट गोठत नाही. हाड क्रायोस्टॅटमध्ये कापता येत नाही. गळ्यातील अवटू ग्रंथीच्या काही गाठींत आवरणाचा बराच मोठा भाग तपासल्याशिवाय निर्णय देता येत नाही. तुकडा फारच लहान असेल, तर तो गोठविण्यात खर्ची घालण्यापेक्षा नेहमीच्या तपासणीसाठी राखणे हिताचे असते. मानेतील गाठ क्षयरोगाची असण्याची शक्यता असल्यास तशी सूचना आधी देणे आवश्यक आहे. अन्यथा यंत्र व कर्मचारी या दोहोंनाही संसर्गाचा धोका संभवतो.

चांगल्या प्रयोगशाळांत जलद मत व अखेरचा अहवाल १०० पैकी ९५ हून अधिक वेळा जुळतात. तरीही काही प्रसंगी विकृतिशास्त्रज्ञ “आता सांगता येत नाही, कायम काचपट्टीची वाट पाहावी” असे उत्तर देतात. हे उत्तर असमर्थतेचे नव्हे, तर सावधगिरीचे असते. शंका असताना काढून टाकलेला अवयव पुन्हा बसविता येत नाही. मात्र काही दिवसांनी दुसरी शस्त्रक्रिया करता येते.

रुग्णाची संमती

विसाव्या शतकात बराच काळ स्तनाची गाठ शस्त्रक्रियेच्या वेळी गोठवून तपासावी आणि ती दुर्दम ठरल्यास त्याच भुलीखाली पूर्ण स्तन काढावा, अशी रीत होती. स्त्री भुलीखाली जाताना, शुद्धीवर आल्यावर आपला स्तन असेल की नाही हे तिला ठाऊक नसे. अमेरिकेत या रीतीविरुद्ध स्त्रियांनी आवाज उठविला. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९७९ मध्ये भरविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने निदान व उपचार हे दोन स्वतंत्र टप्पे असावेत अशी शिफारस केली. आज बहुतेक गाठींचे निदान शस्त्रक्रियेपूर्वीच सुईने पेशी किंवा ऊती काढून केले जाते. रुग्णाला विचार करण्यास व कुटुंबीयांशी बोलण्यास त्यामुळे अवधी मिळतो.

असे असले तरी शस्त्रक्रियेच्या वेळी नवा प्रश्न उद्भवू शकतो. म्हणून संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी रुग्णाने तीन गोष्टी विचाराव्यात. शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा तपासला जाणार आहे काय? उत्तर एक आले तर काय करणार आणि दुसरे आले तर काय करणार? अखेरचा अहवाल कोणत्या दिवशी व कोठे मिळेल? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. त्यांची उत्तरे रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून देणे हे इस्पितळाचे कर्तव्य आहे.

ग्रामीण केंद्रांनी व कुटुंबीयांनी घ्यावयाची काळजी

क्रायोस्टॅट व पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ या सोयी प्रत्येक तालुक्यात असाव्यात अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. ज्या शस्त्रक्रियेत जलद परीक्षणाची गरज पडेल, तो रुग्ण आधीच मोठ्या इस्पितळात पाठविणे योग्य होय. पेडण्याच्या रुग्णाला कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसा व पणजीमार्गे बांबोळीस जावे लागते. हा प्रवास आजारी माणसास व त्याच्या सोबत्यास सोपा नसतो, हे ध्यानी घेऊन तपासण्या, संमती व अहवाल यांच्या तारखा आधी लेखी सांगितल्यास त्याच्या व्यर्थ फेऱ्या वाचतील.

लहान गाठी मात्र तालुक्यातील आरोग्य केंद्रांत किंवा खाजगी दवाखान्यांतही काढल्या जातात. अशा वेळी पुढील नियम पाळणे अगत्याचे आहे.

१. शरीरातून काढलेली गाठ, ती कितीही साधी दिसत असली तरी, तपासणीस पाठविल्याशिवाय टाकून देऊ नये.

२. नेहमीच्या तपासणीसाठी ती १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी. बाजारातील तीव्र फॉर्मॅलिनचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग घेतल्याने हे द्रावण तयार होते. ऊतीच्या सुमारे दसपट द्रावण असावे. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ऊती कुजू लागते.

३. बरणी रुंद तोंडाची असावी. मऊ गाठ अरुंद बाटलीत कशीबशी जाते, परंतु फॉर्मॅलिनमध्ये कठीण झाल्यावर बाहेर निघत नाही.

४. रुग्णाचे नाव, वय, गाव, तारीख व तुकडा कोठून घेतला हे बरणीच्या अंगावर लिहावे, झाकणावर नव्हे. झाकणे बदलली जाण्याचा संभव असतो.

५. बरणी रुग्णाच्या नातेवाइकाकडे दिल्यास ती कोणत्या खिडकीवर द्यावयाची आणि अहवाल केव्हा आणावयाचा हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. केंद्रातील नोंदवहीत प्रत्येक नमुन्यासमोर अहवाल आल्याची नोंद करावी आणि नोंद रिकामी राहिल्यास आरोग्य सेविकेमार्फत घरी निरोप पाठवावा.

शिक्षकांना या कामी मोठे साहाय्य करता येईल. कांद्याच्या पापुद्र्याचा किंवा गालाच्या पेशींचा प्रयोग करून घेताना रंगाविना आणि रंगासह अशा दोन काचपट्ट्या दाखवाव्यात, आणि याच रीतीने रुग्णाची गाठ तपासली जाते हे सांगावे. ही गोष्ट समजलेला विद्यार्थी उद्या आपल्या आजीला किंवा शेजाऱ्याला इस्पितळाच्या कागदाचा अर्थ सांगू शकेल.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आलेले उत्तर शल्यविशारदासाठी असते. राहिलेली ऊती आणि गोठविलेला भागही नंतर फॉर्मॅलिन व मेणातून जातो आणि त्याची सावकाश तपासणी होते. पुढे किरणोपचार किंवा औषधे लागतील काय, पुन्हा किती दिवसांनी यावे, हे त्या अखेरच्या अहवालावरून ठरते. टाके काढून झाले, जखम भरली, माणूस कामाला लागला, तरी तो कागद हाती येऊन डॉक्टरांनी वाचेपर्यंत उपचार पूर्ण झाला असे मानू नये.